झाडाला लिहायला शिकवणारा माणूस

आमच्या हॉस्टेलच्या मागे मेसकडे जाणारी एक पायवाट आहे. तिच्या कडेला लाजाळू माजलेली असते. पावसाळ्यात तर विचारूच नका! जेवायला जाता-येता प्रत्येक जण तिला चपलेने डिवचतो. पानं मिटतात, देठ मान टाकतो, आणि आपण हसत पुढे जातो. मीही दोन वर्षं हेच केलं. तिसऱ्या वर्षी हायड्रॉलिक्सचं सबमिशन डोक्यावर असताना एकदा तिथेच थांबले आणि मनात आलं, या बयेला ना हाड, ना स्नायू, ना मोटर. मग हा देठ खाली खेचतं कोण?

या प्रश्नाचा पाठपुरावा करता करता मी एका माणसापर्यंत पोचले. त्यांचं नाव आपल्या सगळ्यांना शाळेपासून माहीत आहे: सर जगदीशचंद्र बोस. 'झाडांना जीव असतो हे त्यांनी सिद्ध केले', एवढ्या एका वाक्यात आपण त्यांना गुंडाळून ठेवलेलं आहे. खरं तर झाडांना जीव असतो हे त्यांच्या आधीही शेतकऱ्यापासून शास्त्रज्ञापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. बोसांनी केलं ते वेगळंच, आणि आपल्यासारख्या इंजिनिअरिंगवाल्यांच्या जास्त जवळचं आहे.

आधी त्या देठाचं उत्तर सांगून टाकते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल.

आपलं शरीर हाडांच्या सांगाड्यावर उभं असतं आणि स्नायू त्या हाडांना तरफेसारखं ओढतात. झाडाची रीत वेगळी. झाडाच्या प्रत्येक पेशीला बाहेरून मजबूत भिंत असते आणि आत पाणी दाबाने भरलेलं असतं. मोटारीच्या टायरमध्ये साधारण 2 ते 2.5 बार दाब असतो. झाडाच्या पेशीत तो 5 बार किंवा त्याहूनही जास्त असू शकतो. मोठ्या झाडाचं खोड लाकडाच्या बळावर उभं राहतं हे खरं, पण कोवळं रोप, पान, कोंब हे सगळं या पाण्याच्या दाबावरच ताठ असतं. सुट्टीत घरी गेलो आणि खिडकीतल्या कुंडीला कोणी पाणी घातलं नाही, की रोप मान टाकतं ते यामुळेच.

लाजाळूने याच दाबाचा हालचालीसाठी उपयोग केलेला आहे. देठ जिथे फांदीला चिकटतो तिथे एक छोटी फुगीर गाठ दिसते. हा तिचा सांधा. या सांध्याचा वरचा आणि खालचा भाग, दोन्ही पाण्याने फुगलेले असतात आणि एकमेकांना तोलून धरतात. समोरासमोर बसवलेले दोन हायड्रॉलिक सिलिंडर समजा. धक्का बसला की खालच्या भागातल्या पेशींमधून पोटॅशियम आणि क्लोराईडचे आयन बाहेर पडतात, त्यांच्यामागे पाणी बाहेर जातं, खालचा टेकू ढिला पडतो आणि देठ कोसळतो. मग काही मिनिटांत पाणी परत भरतं आणि देठ हळूहळू वर येतो. संपलं!

पण खरा प्रश्न यापुढे आहे. आपण टोकाच्या पानाला हात लावतो आणि थोड्या वेळाने लांबचा देठ पडतो. मग मधल्या अंतरात निरोप कोण नेतं? बोसांच्या काळात बहुतेक वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणत, की पाण्याच्या दाबाचा धक्का आतून पुढे सरकतो, जसा नळ झटकन बंद केल्यावर पाइपमधून सरकतो तसा. बोस म्हणत होते, की नाही, प्राण्यांच्या मज्जातंतूंमध्ये जाते तशी विजेची उत्तेजना इथेही जाते. हा वाद तोंडाने सुटणारा नव्हता. त्यासाठी कोणीतरी झाडालाच विचारायला हवं होतं.

आता या माणसाची गोष्ट.

जगदीशचंद्रांचा जन्म 30 नोव्हेंबर 1858 चा, बंगालमधला. वडील भगवानचंद्र सरकारी अधिकारी होते, फरीदपूरला डेप्युटी मॅजिस्ट्रेट. त्या काळी अशा घरातली मुलं सरळ इंग्रजी शाळेत जात, कारण त्यातच प्रतिष्ठा होती. भगवानचंद्रांनी उलटं केलं. त्यांनी मुलाला आधी साध्या बंगाली शाळेत घातलं. परकी भाषा शिकायच्या आधी मुलाला आपली भाषा यावी आणि आपल्या माणसांत त्याला बसता यावं, असं त्यांचं मत होतं. वर्गात जगदीशच्या एका बाजूला वडिलांच्या मुस्लिम चपराशाचा मुलगा आणि दुसऱ्या बाजूला एका कोळ्याचा मुलगा बसे. त्यांच्याकडून पाण्यातल्या जीवांच्या, पक्ष्यांच्या गोष्टी ऐकतच त्याला निसर्गाची गोडी लागली. या छोट्याला खांद्यावर बसवून शाळेत नेणारा नोकर पूर्वी दरोडेखोर होता! भगवानचंद्रांनीच त्याला शिक्षा ठोठावली होती, आणि सुटून आल्यावर काम नाही म्हणाला तेव्हा त्यांनीच त्याला घरी कामाला ठेवलं.

हे वाचताना मला थोडं लाजल्यासारखं झालं. मी कॉन्व्हेंटची. लाजाळूला मराठीत लाजाळू म्हणतात हेसुद्धा मला आजीने सांगितलं, शाळेने नाही. हा लेख मराठीत लिहिताना मी किती वेळा शब्दासाठी रूममेटला हाक मारली, ते तिलाच विचारा. असो.

वडिलांची आणखी एक देणगी म्हणजे वर्कशॉप. बर्दवानला असताना तिथे तापाची साथ आली आणि कितीतरी मुलं पोरकी झाली. त्यांना काही कामधंदा शिकता यावा म्हणून भगवानचंद्रांनी घराच्या आवारातच सुतारकाम आणि धातुकामाची शाळा काढली. सुट्टीत जगदीश तिथेच रमायचा. तिथे त्याने पितळेची एक छोटी तोफ ओतून घेतली होती. पुढे आयुष्यभर त्यांनी जी नाजूक उपकरणं केली, त्यांची सुरुवात या ओतशाळेत आहे असं मला वाटतं.

पुढे कलकत्त्याला सेंट झेवियर्समध्ये त्यांना फादर लाफाँ हे भौतिकशास्त्राचे शिक्षक भेटले. प्रयोग करून दाखवण्यात फादर पटाईत. 1880 मध्ये जगदीशचंद्र डॉक्टर व्हायला लंडनला गेले, पण तापाने त्यांची पाठ सोडली नाही आणि शवविच्छेदनाच्या खोलीतल्या वासाने तब्येत जास्तच बिघडली. मेडिकल सोडून ते केंब्रिजला विज्ञान शिकायला गेले. तिथे त्यांना लॉर्ड रॅले भौतिकशास्त्र शिकवायला होते, आणि वनस्पतिशास्त्राला चार्ल्स डार्विन यांचे चिरंजीव फ्रान्सिस डार्विन. म्हणजे पुढच्या दोन्ही वाटा तिथेच सुरू झाल्या.

1885 मध्ये ते परत आले आणि कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजमध्ये भौतिकशास्त्राचे प्राध्यापक झाले. तेव्हा हिंदी प्राध्यापकाला युरोपियन प्राध्यापकाच्या दोन तृतीयांश पगार मिळे, आणि यांची नेमणूक हंगामी म्हणून त्याच्याही निम्मा. म्हणजे गोऱ्या सहकाऱ्याच्या एक तृतीयांश! बोसांनी भांडण केलं नाही, राजीनामा दिला नाही. त्यांनी शिकवणं एक दिवस चुकवलं नाही आणि पगाराला हातही लावला नाही. तीन वर्षं! वडिलांचे उद्योग बुडाल्याने घरावर कर्ज होतं, 1887 मध्ये अबलादेवींशी लग्नही झालेलं. शेवटी सरकार नमलं. त्यांना पूर्ण पगार मिळाला, तोही मागच्या तारखेपासून, आणि ते पैसे वडिलांचं कर्ज फेडण्यात गेले.

कॉलेजात संशोधनासाठी प्रयोगशाळा अशी नव्हतीच. एका चिंचोळ्या खोलीत, पत्र्याचं काम करणाऱ्या एका कारागिराला हाताशी धरून त्यांनी स्वतःच्या खर्चाने उपकरणं बनवली. 1895 मध्ये कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये त्यांनी बिनतारी लहरी भिंतींपलीकडे पाठवून लांबची घंटा वाजवली आणि दारू उडवून दाखवली. जवळजवळ 5 मिलिमीटर लांबीच्या लहरींवर तेव्हा ते काम करत होते. जाडजूड रेल्वे टाइमटेबलच्या पानांमध्ये पातळ पत्रा घालून त्यांनी या लहरींसाठी पोलरायझर बनवला! या कामाला 2012 मध्ये आयईईईने मैलाचा दगड म्हणून मान दिला. पेटंट मात्र त्यांना नको होतं. हितचिंतकांनी फार आग्रह केला म्हणून अमेरिकेत एका ग्राहकयंत्राचं पेटंट 1904 मध्ये त्यांच्या नावावर झालं, आणि त्यांनी ते तसंच लॅप्स होऊ दिलं.

मग हा रेडिओचा माणूस झाडांकडे वळला कसा? याचं कारण एका किरकोळ वाटणाऱ्या निरीक्षणात आहे. त्यांच्या लक्षात आलं, की लहरी पकडणारं धातूचं ग्राहकयंत्र सतत वापरलं की मंद होतं आणि विश्रांती दिली की पुन्हा ताजंतवानं होतं. त्याचा आलेख थकलेल्या स्नायूच्या आलेखासारखाच दिसत होता. दुसऱ्या कोणी यंत्र बिघडलं म्हणून सोडून दिलं असतं. बोसांनी विचारलं, धातू थकतो, स्नायू थकतो, तर या दोघांच्या मधलं झाड काय करतं? त्यांनी पानं तपासली, मग बाजारातली गाजरं आणि सलगम. डिवचलं की सगळ्यांतून विजेचा छोटा प्रतिसाद येत होता.

6 जून 1901 रोजी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे त्यांनी हे मांडलं. समोर बर्डन-सँडरसन हे शरीरशास्त्रातलं बडं प्रस्थ बसलं होतं. गंमत म्हणजे, कीटक पकडणाऱ्या व्हीनस फ्लायट्रॅपमधली वीज याच गृहस्थांनी 1873 मध्ये मोजली होती. पण साध्यासुध्या झाडांत तसं काही होत असेल हे त्यांना मान्य नव्हतं. भौतिकशास्त्रवाल्याने आमच्या अंगणात येऊ नये, असाही त्यातला सूर होता. निबंधाच्या नावातला प्रतिसाद हा शब्द बदला, असं सुचवण्यात आलं. बोसांनी शब्द बदलायला नकार दिला. निबंध छापला गेला नाही, तो सोसायटीच्या दप्तरात पडून राहिला. पुढच्या वर्षी लिनियन सोसायटीने त्यांचं काम छापलं खरं, पण रॉयल सोसायटीचं दार त्यांच्यासाठी उघडायला 1920 साल उजाडावं लागलं.

बेचाळीस वर्षांचा, रेडिओमध्ये नाव कमावलेला माणूस. परत जुन्या विषयाकडे वळला असता तर कोणी नावं ठेवली नसती. बोसांनी मात्र ठरवलं, की माझ्यावर विश्वास नसेल तर नको. झाड स्वतःच्या हाताने लिहील, मग तरी मानाल?

इथे मला माझा एक फसलेला प्रयोग सांगायलाच हवा. मी लाजाळूचं एक रोप कुंडीत लावून रूमवर आणलं. देठाला शिवणाचा दोरा बांधला, दोऱ्याचं दुसरं टोक खराट्याच्या काडीला, आणि काडीच्या मध्ये टेकू म्हणून टाचणी. देठ पडला की काडीचं दुसरं टोक वर जाईल आणि काजळी धरलेल्या काचेवर रेघ उमटेल, असा बेत. हात लावला. पानं मिटली, देठ थरथरला, आणि काडी जागची हलली नाही. देठाची ताकद घर्षणातच संपली. माझं यंत्र झाडाला बोलतं करण्याऐवजी त्याचं तोंड दाबत होतं.

बोसांपुढेही हीच अडचण होती. बेडकाचा स्नायू जोरात ओढतो, त्याला काचेवर टोक घासत नेणं जमतं. लाजाळूच्या देठाला ते जमत नाही. त्यांनी काढलेला तोडगा व्हायब्रेशन्स शिकणाऱ्या प्रत्येकाने वाचावा असा आहे. त्यांनी तरफ अतिशय हलकी केली, तिचा आस घड्याळासारख्या रत्नांच्या बेअरिंगवर ठेवला, आणि लिहिणारी तार अनुनादाने सतत थरथरत ठेवली. त्यामुळे टोक काचेवर घासत नाही, फक्त टिचक्या मारत जातं. सलग रेघेऐवजी ठिपक्यांची रांग उमटते. घर्षण जवळजवळ गेलं! आणि दुसरा फायदा फुकटात. तार सेकंदाला 100 वेळा थरथरत असेल, तर दोन ठिपक्यांमधला वेळ सेकंदाचा शंभरावा भाग. म्हणजे आलेखातच घड्याळ आलं. डिवचण्याचं कामही माणसाच्या हाती ठेवलं नाही. ठरलेल्या वेळी ठरलेला विजेचा धक्का यंत्रच देई.

आता झाड लिहू लागलं. धक्का बसल्यावर सांधा हलायला साधारण सेकंदाचा दहावा भाग लागतो, हे कळलं. देठातून निरोप सेकंदाला काही मिलिमीटरपासून सुमारे 30 मिलिमीटरपर्यंत वेगाने जातो, हे कळलं. आपल्या जलद मज्जातंतूंमध्ये तो सेकंदाला 100 मीटर जातो, त्यामानाने गोगलगायच म्हणायची. मग त्यांनी देठाचा मधला छोटा भाग थंड केला. निरोप मंदावला, जास्त थंड केल्यावर अडला. विष लावलं, अडला. नुसता पाण्याचा धक्का असता तर पाइप थोडा गार झाल्याने तो कशाला थांबेल? जिवंत पेशी काहीतरी करत होत्या. देठाच्या सालीकडच्या अन्नवाहिन्यांच्या भागातून हा निरोप जातो, हेही त्यांनी सांगितलं.

फरीदपूरच्या शिंदीच्या झाडाची गोष्टही याच काळातली. ते तिरपं झाड संध्याकाळी देवळातली घंटा वाजू लागली की नमस्कारासाठी वाकतं आणि सकाळी उठून उभं राहतं, अशी ख्याती होती. लोक दर्शनाला येत. मालक यंत्र लावू देईना. विलायती यंत्राच्या विटाळाने झाडाचा चमत्कार नाहीसा झाला तर? यंत्र इथेच, हिंदुस्थानात बनलेलं आहे आणि ते लावणारा मदतनीस पुरोहिताचा मुलगा आहे, असं सांगितल्यावर तो तयार झाला. झाडाने रात्रंदिवस लिहून दिलं, की माझं वाकणं नि उठणं तापमानाबरोबर चालतं. बोसांनी भक्तांची टिंगल केली नाही. इतर झाडंही अशीच थोडीथोडी हलतात, फक्त आपल्याला दिसत नाही, एवढं त्यांनी दाखवलं.

न दिसणारी वाढ दाखवण्यासाठी त्यांनी क्रेस्कोग्राफ बनवला. एक तरफ हालचाल 100 पट मोठी करते, तिला जोडलेली दुसरी तीच आणखी 100 पट. एकूण 10,000 पट. मिलिमीटरचा हजारावा भाग वाढला की काचेवर 1 सेंटिमीटर दिसतो! 1920 मध्ये लंडनमध्ये यावरही संशय घेतला गेला. बोसांनी शास्त्रज्ञांना बोलावून त्यांच्यासमोर प्रयोग केला, आणि यंत्र खरंच वाढ मोजतं असं त्यांनी जाहीर पत्रातून मान्य केलं. त्याच वर्षी ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. त्याआधी, 30 नोव्हेंबर 1917 रोजी, आपल्या एकोणसाठाव्या वाढदिवशी त्यांनी कलकत्त्यात बसू विज्ञान मंदिर सुरू केलं होतं. ही संस्था आजही संशोधन करते आहे. 23 नोव्हेंबर 1937 रोजी गिरिडीह इथे त्यांचं निधन झालं.

इथेच लेख संपवून टाळ्या घेता आल्या असत्या. पण मग मी प्रामाणिक राहिले नसते.

कारण पुढच्या आयुष्यात बोस चुकलेही. जमिनीतलं पाणी झाडाच्या शेंड्यापर्यंत कसं चढतं, याबद्दल त्यांनी 1923 मध्ये पुस्तक लिहिलं. खोडातल्या जिवंत पेशी हृदयासारख्या धडधडत पाणी वर ढकलतात, असं त्यांचं म्हणणं. ते टिकलं नाही. पानांतून पाण्याची वाफ होते आणि त्या ओढीने पाण्याचा अखंड धागा वर खेचला जातो, हा डिक्सन आणि जोली यांचा 1894 चा विचार खरा ठरला. लाजाळूतही निरोप फक्त विजेने जात नाही. जोराची जखम झाली तर पाण्याच्या प्रवाहातून रसायनंही तो नेतात. म्हणजे विरोधकांच्या म्हणण्यातही तथ्य होतं. झाडाला प्राण्यांसारखे मज्जातंतू नाहीत. झाड आणि प्राणी एकच आहेत हे त्यांना इतकं मनापासून वाटत होतं, की काही वेळा झाडाने लिहिलं त्यापेक्षा जास्त त्यांनी वाचलं.

पण काचेवरचे ठिपके खोटे नव्हते. झाडात विजेची उत्तेजना धावते, जिवंत पेशींतून धावते आणि तिच्या मागोमाग सांधा हलतो, हे आज सगळे मानतात. त्यांचा अर्थ लावण्यात काही ठिकाणी चूक झाली, नोंद घेण्यात नाही. म्हणूनच पुढच्यांना त्यांची चूक दाखवता आली, आणि त्यांचं जे बरोबर होतं ते उचलताही आलं.

मित्रमैत्रिणींनो, आता जरा आपल्याबद्दल. प्रॅक्टिकलला उत्तर आपल्याला आधीच माहीत असतं. सीनियरची जर्नल समोर असते आणि रीडिंग आपण मागून पुढे 'बसवतो'. ग्राफ सरळ रेषेत येतो, सही मिळते. मीही बसवलेली आहेत, उगाच साळसूदपणा कशाला? पण एक माणूस बिनपगारी तीन वर्षं शिकवतो, नावाजलेला विषय सोडतो, आणि एका देठाचा खरा आलेख मिळावा म्हणून तारेला थरथरायला लावतो, हे वाचल्यापासून पेन जरा अडखळतं.

मागच्या प्रॅक्टिकलला आमचा एक पॉइंट रेषेच्या बराच बाहेर पडला. पार्टनर म्हणाली, खोड. मी म्हटलं, राहू दे. सरांनी त्या पॉइंटभोवती लाल गोल केला आणि विचारलं, हे काय? मी म्हटलं, सर, माहीत नाही, पण आलंय तसं. पाच मिनिटं त्यांनी तो पॉइंट का आला असेल यावर आमच्याशी चर्चा केली. दोन वर्षांत पहिल्यांदाच मला त्या प्रयोगातलं काहीतरी समजलं.

कुंडीतली लाजाळू अजून माझ्या खिडकीत आहे. खराट्याच्या काडीऐवजी आता गवताची बारीक काडी लावली आहे. परवा ती हलली. अगदी थोडीशी, पण हलली.